मेंढरांमागचा वर्ग

जगाचा विकास म्हणजे काय, हे आमच्या साखरा गावच्या मेंढपाळमामांइतकं सोपं करून सांगणारा दुसरा माणूस मला भेटला नाही; आणि आपण काही शिकवतो आहोत याची त्यांना शेवटपर्यंत गंधवार्ता नव्हती. नव्वदच्या दशकात दर हिवाळ्यात परदेशी मुलं गावात येत. शाळा संपली, कॉलेज अजून लागायचं, अशा मधल्या वर्षात देशोदेशी हिंडून विकास शिकायचा, अशी त्यांच्या संस्थेची योजना. मी गावचा मास्तर, म्हणून दुभाषी. पहिल्याच दिवशी एका मुलीनं वही उघडून विचारलं, गावाची सर्वांत मोठी गरज कोणती? मामांनी उलट तिलाच विचारलं, “तू इथं येऊन राहिली, हे तुझ्या मायला ठावं हाय का, लेकरा?” मी तिला इंग्रजीत सांगितलं, मामा म्हणतात, पाणी.

खरं तर मामांना दुभाषी लागतच नसे. ते मराठीत बोलत, मुलं त्यांच्या भाषेत, आणि दोन्हीकडे माना डोलत. सकाळीच ते प्रत्येकाच्या हाती एकेक कोकरू देत. ते संध्याकाळपर्यंत सांभाळायचं, मग गाव सुधारायच्या गोष्टी. एका दांडगट मुलाचं कोकरू हरवलं, तेव्हा मामा रागावले नाहीत. ते सापडेपर्यंत नुसते त्याच्या मागोमाग चालत राहिले. दुपारी सगळा वर्ग माळावर कडुलिंबाखाली निजे. उतारावरून ढगांच्या सावल्या सरकत, मेंढरं सरकत, आणि अर्धवट झोपेत सावली कोणती, मेंढरू कोणतं, कळेनासं होई. मुलं वहीत त्याला ‘तास’ म्हणत.

एका वर्षी त्यांच्या देशातून पत्र आलं: पुढच्या तुकडीला शिकवायला मामांना महिनाभर पाठवा. पत्र वाचणारा मीच. मी उलट लिहिलं, मामा मेंढरं सोडून यायचे नाहीत, हवं तर मी येतो. मामांना विचारलंही नाही. गावाला सांगितलं, बोलावणं मला आहे. मामा आता नाहीत, म्हणून हे निदान लिहून ठेवतो.

मी महिनाभरानं तिकडून परतल्यावर मामा रोज माझ्याकडे येऊन बसत. तिकडचं गवत, तिकडची मेंढरं, सगळं डोळे मिटून ऐकत. एकदा मी चाचपून पाहिलं, तुम्हाला बोलावलं असतं तर?

“इचार करून ठिवला व्हता, गुरुजी. शेजारच्या सिद्धेश्वरच्या बहिणीला म्हणलं, महिनाभर मेंढरं सांभाळशील का? व्हय म्हणली ती.” मग पुन्हा डोळे मिटून म्हणाले, “तिकडल्या माळावर वारं कुणीकडून येतं?”

मी सांगत गेलो. त्या दिवसापासून सांगताना तिकडच्या माळावर माझ्या जागी मी त्यांनाच उभं करत असे, एवढंच.