ओवीचे मूल

तंत्रज्ञान माणसाला स्वावलंबी करतं. हे वाक्य आमच्या महाविद्यालयातल्या एका खोलीबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. आत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणक आहे. किल्ली कार्यालयातल्या बडे बाबूंकडे असते, आणि ते जेवायला गेले की स्वावलंबन तीन वाजेपर्यंत थांबतं.

एम.ए. मराठीच्या माझ्या वर्गातली एक मुलगी रोज त्या किल्लीची वाट बघायची. तिला जन्मापासून दिसत नाही. मल्हारगंजातून रिक्षाने एकटी यायची. पहिल्या वर्षी परीक्षेत तिला लेखनिक मिळाली ती बी.कॉम.ची, मनाने चांगली आणि पूर्ण हिंदी. हिने सांगायचं, तिने लिहायचं. जिथे ‘ळ’ आला तिथे तिने ‘ल’ लिहिला. वेळेची वेल झाली, काळाचा काल झाला आणि भाषेचं मूळ म्हणजे भाषेचं मूल झालं. मुलगी कशीबशी पास झाली.

“चुका माझ्या असत्या तर चाललं असतं, सर,” एवढंच ती म्हणाली.

इंदुरात बोलताना आम्ही सगळेच ‘ळ’ जरा सोडून देतो, त्यामुळे तिची समजूत घालायचा मला फारसा अधिकार नव्हता.

दुसऱ्या वर्षी तिने ठरवलं, लेखनिक नको. पडद्यावरचं सगळं, अगदी प्रश्नपत्रिकासुद्धा, संगणक वाचून दाखवतो, ती ऐकते आणि टाइप करते. ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळीवर आहेत. शिफ्ट दाबली की ‘ळ’. संगणकाचा आवाज ती इतका भरभर लावायची की मला मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखं वाटायचं.

“यातलं तुला कळतं तरी का?”

“वर्गात तुम्ही फार सावकाश बोलता ना सर, ती भरपाई.”

प्राचार्यांनी परवानगी दिली, पण हातचं राखून. “एक पेपर देख लेते हैं, सर. गडबड झाली तर बाकीचे राइटरकडून.”

पेपरच्या दिवशी ती त्या खोलीत, बाकीचे अकरा जण खाली सभागृहात. विषयशिक्षकाला आत मज्जाव असतो, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. अर्ध्या तासाने तिच्यावर देखरेख करणारे रसायनशास्त्राचे सर बाहेर आले.

“बिटिया बोल री है, पेपर गलत है. मशीन ही गलत पढ़ री होगी. राइटर बुलवा लूँ?”

खरं सांगायचं तर मलाही मशीनच चुकलं असावं असं वाटलं. दार उघडं होतं. तिने कानातला इअरफोन काढला.

“मशीन बरोबर वाचतंय, सर. मी एकेक अक्षर ऐकलं. म, दीर्घ ऊकार, ल. ‘ओवीचे मूल शोधा.’ मूळ हवंय ना?”

रसायनशास्त्राच्या सरांनी छापील प्रश्नपत्रिका काढून माझ्यापुढे धरली. मी ती आधी लांबून वाचली, मग चष्मा लावून जवळून. मूलच होतं. हीच प्रश्नपत्रिका खाली अकरा जणांपुढे अर्धा तास पडून होती आणि एकही हात वर झाला नव्हता.

केंद्राध्यक्षांनी विद्यापीठात फोन लावला. तिकडून आवाज आला, “पर भिया, और किसी ने तो कुछ बोला नहीं.” पंधरा मिनिटांनी दुरुस्ती मान्य झाली. राइटरचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

वेळ संपायच्या आधी तिने स्वतःची सगळी उत्तरं ऐकली आणि दोन शब्द सुधारले. बाहेर आल्यावर म्हणाली, “या वेळी माझा पेपर मी वाचला, सर. एक चूक राहिली असेल, पण माझी आहे.” इतकी वर्षं शिकवतोय, कुणाच्या शुद्धलेखनाने माझी मान इतकी ताठ झाल्याचं आठवत नाही.

सभागृहात दुरुस्ती वाचून दाखवली, तोवर एकाचं पाळणागीतांवर दीड पान लिहून झालं होतं.