समुद्राकडची भिंत

आमचं गाव समुद्रकाठी आहे, असं नकाशा सांगतो. घरं मात्र समुद्राशी भांडण झाल्यासारखी पाठ फिरवून बसलेली. बंदरात लढाऊ जहाजं आली तेव्हा सैन्याने हुकूम काढला, समुद्राकडची एकही खिडकी उघडी राहता कामा नये. आमच्या म्हाताऱ्या धुणं वाळत घालता घालता जहाजं मोजतील आणि शत्रूला कळवतील, अशी साहेबांना धास्ती. आमच्या म्हाताऱ्यांची एवढी लायकी त्याआधी कुणी ओळखली नव्हती.

त्या साऱ्या खिडक्या बुजवल्या आमच्या गवंड्याने. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलेलं. ओळंबा लावून असा विटांचा थर चढवायचा, की इथे खिडकी होती हे घरमालकालाही आठवू नये. साहेबांनी पाठ थोपटली, "ही देशसेवा आहे!" गवंडी जो फुगला, तो लग्न होताच स्वतःच्या घराच्या खिडकीलाही विटा लावायला बसला. नवी नवरी होडीवाल्याची लेक, पाण्यावर वाढलेली.

"अहो, निदान ही एक तरी ठेवा."

"हुकूम आहे."

"मग मी दिवसभर बघू काय?"

"गिलावा बघ. एवढा गुळगुळीत गावात दुसरा नाही."

तिने जन्मभर गिलावा बघितला.

गावाची भरभराट झाली म्हणतात. तोफांच्या सरावाने आमच्या कपबशा फुटायच्या आणि आम्ही अभिमानाने नव्या आणायचो. किनाऱ्याला काटेरी तारा लागल्या. शाळेतली पोरं समुद्राचं चित्र अंदाजाने काढू लागली. मग जहाजं म्हातारी झाली, सैन्य एका सकाळी सामान आवरून निघून गेलं, तारा भंगारवाल्याने नेल्या. खिडक्या तेवढ्या बुजलेल्याच राहिल्या. हुकूम मागे घ्यायला कुणी उरलंच नव्हतं, आणि आमचं गाव शिस्तीचं.

यंदा गवंड्याच्या बायकोचं कंबरेचं हाड मोडलं. आता खाट सुटायची नाही, असं डॉक्टर सांगून गेला. ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी फोडा ती भिंत. मरण्याआधी एकदा समुद्र बघू दे."

गवंडी सरळ माणूस. तो नगरपालिकेत गेला.

"हुकूम सैन्याचा. तो आम्ही कसा मोडणार?" कारकुनाने विचारलं.

"सैन्य तर गेलं."

"जाताना तुम्हाला सांगून गेलं का, खिडक्या उघडा म्हणून?"

गवंडी मान खाली घालून घरी आला. सगळं ऐकून बायको म्हणाली, "बसा मग साहेबांची वाट बघत. ते यायच्या आत मी जाईन."

मग त्याने छिन्नी-हातोडा काढला.

भिंत हलेना. घाम पुसत गवंडी करवादला, "कुणी बांधली ही?"

"होता एक देशसेवक," खाटेवरून उत्तर आलं.

ठोकाठोक ऐकून शेजारचा शिंपी धावत आला. "काय हो, हुकूम आला की काय?"

"आला."

"कुणाचा?"

गवंड्याने खाटेकडे बोट दाखवलं. शिंप्याने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि तो पहार शोधायला घरी पळाला.

शेवटच्या विटा कोसळल्या, खारा वारा घरात शिरला. गवंडी त्या भगदाडाशी ताठ उभा राहून म्हणाला, "बघ! अख्खा समुद्र!"

"मला नुसतं आभाळ दिसतंय. ते तर दारातूनही दिसतं."

गवंड्याला पटेना. जन्मभर मापं घेतलेला माणूस. तो धुळीच्या कपड्यांनिशी खाटेवर चढला, तिच्याशेजारी आडवा झाला, तिच्या उशीवर डोकं टेकवलं. इथून त्याने कधी बघितलंच नव्हतं. खरंच, नुसतं आभाळ.

"दोन थर खाली काढावे लागतील," तो म्हणाला.

"तीन काढा. मला लाटासुद्धा हव्यात."

गवंडी उठला, तीन थर मोजून त्याने खाली खूण केली आणि हातोडा उचलला.