घरच्या फोटोंचं कॅलेंडर

मेहकरला आमच्या शेजारी एक बाई राहतात. लोकांच्या घरच्या फोटोंची कॅलेंडरं त्या घरीच, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या प्रिंटरवर छापतात. फोटो कॉम्प्युटरवर उघडला की त्यातल्या माणसांशी बोलायची त्यांना सवय आहे. "काऊन रुसून बसल्या काकू?" असं म्हणत त्या अंधारात गेलेला एखादा चेहरा उजळ करतात. छापलेलं पान मात्र नीट सुकेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत, मलाही नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा जानेफळचे एक गृहस्थ आले. नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी मोबाइलमधून बारा फोटो पाठवले आणि त्यातल्या घरच्या सगळ्यांच्या एका फोटोबद्दल म्हणाले, "ताई, याच्यातून ह्या पोरीले काढून टाका. तिनं आपल्या मनानं लग्न केलं. आता तिचं आमचं काही राह्यलं नाही."

बाईंनी तो फोटो मोठा केला. या वेळी त्या फोटोतल्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

"काढून देते भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिच्या खांद्यावर तुमचा हात हाय. त्याले कुठं ठेवू?"

गृहस्थ स्क्रीनकडे बघत राहिले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बाई माउसवर हात ठेवून नुसत्या बसून होत्या. त्यांनी काही घाई केली नाही.

"राहू द्या तिले," शेवटी ते म्हणाले.

"कोणत्या महिन्यावर टाकू?"

"ऑगस्टवर टाका," ते म्हणाले. "तिचा जन्म ऑगस्टातला हाय."