सात जणांचं औषध

माझी ताई स्वयंपाकात सुमार आहे. मीठ विसरते, दूध उतू घालवते आणि वर मलाच विचारते, "गॅस कोणी मोठा केला?" पण याच बाईच्या हातांवर एका मोठ्या इस्पितळाने चोवीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्यावर रागावणार आहे.

इस्पितळाच्या तळघरात ती किरणोत्सारी औषधं तयार करते. शिरेत टोचायची, म्हणजे थेट रक्तात जाणारी. हाडांच्या तपासणीचं औषध हाडात जाऊन बसतं, त्याचे किरण यंत्राला दिसतात आणि रोग कुठे लपलाय ते कळतं. शिशाच्या विटांमागे एक जड डबा असतो, दर सोमवारी नवा येतो. त्याला तिथे सगळे गाय म्हणतात, कारण रोज सकाळी त्यातून किरणांचं पाणी काढायचं असतं. आठवडा सरत आला की गाय भाकड होत जाते.

खरी गोम पुढेच आहे. हे औषध सहा तासांत निम्मं होतं, आणि त्यात जंतू शिरलेत का हे कळायला कित्येक दिवस लागतात. निकाल यायच्या आत औषध माणसाच्या अंगात जाऊन संपलेलं असतं. म्हणून सगळा भरवसा करणाऱ्याच्या हातांवर. गाळलेली हवा वाहते त्या कपाटात ताईने हात घातले की काम संपेपर्यंत बाहेर काढत नाही. नाक खाजलं तरी नाही. शेवटी हातमोज्यांची दहाही बोटं जेलीच्या ताटलीवर टेकवते. चार दिवसांत त्यावर काही उगवलं तर हाताने घाण केली असं समजायचं. घरीही तीच तऱ्हा. भावोजी म्हणायचे, "हात धुऊन मागे लागणं म्हणजे काय, ते मला लग्नानंतर कळलं."

भावोजी पोस्टमन होते. निवृत्त झाले तरी पाय घरात ठरत नव्हते. शेजाऱ्यांची बिलं भरायलासुद्धा हेच जायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. आता कंबर दुखू लागली, म्हणून डॉक्टरांनी हाडांची तपासणी सांगितली. गुरुवारची वेळ मिळाली. यादीत सात माणसं, सातवं नाव भावोजींचं. पहिलं एका सहा वर्षांच्या मुलीचं.

"आज तू करू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी करू दे," मी सकाळी म्हटलं.

"बाकीचे रजेवर नसते तर दिलं असतं," ती म्हणाली. "आणि माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार त्यांचं?"

त्या सकाळी काय झालं, ते तिनेच मला सांगितलं. शिशाच्या काचेमागे सात इंजेक्शनांची शिशाची वेष्टनं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. शेवटच्या चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव दिसलं आणि तिचे डोळे भरून आले. हात कधी बाहेर आला, तिला कळलं नाही. मास्कच्या वर, डोळ्याखाली बोट टेकलं, तेच बोट परत आत गेलं, बाटलीच्या रबरी बुचावर टेकलं, आणि सुई त्याच जागी आरपार गेली. मग तिला उमगलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कॅमेरा नव्हता. पुसून पुढे जाता आलं असतं.

तिने बाटली शिशाच्या डब्यात टाकून दिली आणि नेमाप्रमाणे दहाही बोटं ताटलीवर टेकवली. गुरुवारपर्यंत गाय भाकड होत आलेली, दुसऱ्यांदा सात जणांपुरतं निघणार नव्हतं. सातही जणांना सांगितलं, औषध बिघडलं, सोमवारी या. साहेबांना मात्र तिने खरं काय ते लिहून दिलं.

मला तिने संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी चिडलेच. "झाकली मूठ सव्वा लाखाची! एका बोटाने काय आकाश कोसळणार होतं?"

"त्या मुलीच्या अंगात जंतूंशी लढायला काही उरलेलं नाही," ताई म्हणाली. "तिला ताप भरला असता तर तिच्या आईला मी काय सांगितलं असतं?"

शनिवारी सकाळी भावोजी दारातून वर्तमानपत्र उचलून वळले आणि मांडीचं हाड काडकन मोडलं. पडले म्हणून मोडलं नाही, मोडलं म्हणून पडले. रोगाने हाड आतून पोखरलं होतं. कंबरेचं निमित्त, खरा घात मांडीत. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी हा डाग दिसला असता तर यांना पाऊल टेकू दिलं नसतं. वेळेवर हाडात सळी घातली असती."

सोमवारी ताटली उघडली. दहा बोटांचे दहा ठसे, एकावरही काही उगवलं नव्हतं.

"बघ," मी म्हटलं. मला गप्प राहवलं नाही.

"ताटली स्वच्छ निघाली, म्हणून बाटली स्वच्छ होती असं होत नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून रडली.

भावोजी घरी आले ते पलंगावर. ते पुन्हा चालले नाहीत. महिनाभराने त्यांनी ताईला विचारलं, "त्या गुरुवारी औषध कशाने बिघडलं गं?" मी मागून मानेने नको नको म्हणत होते. तिने सगळं सांगितलं, बोटासकट.

ते म्हणाले, "बरोबर केलंस."

त्यानंतर त्यांना पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की ते मला हाक मारायचे. ताई घरात असली तरी मलाच. ती कोपरापर्यंत हात धुऊन दारात उभी राहायची, आणि ते मला म्हणायचे, "तिला आराम करू दे." गोड बोलायचे, आवाज चढवला नाही. चार महिन्यांनी ते गेले.

त्यांचे कपडे आवरताना मी ताईला म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही." तोवर माझा राग कुणावर होता, माझं मलाच कळेना.

"तिथे चुकलं नाही," ती म्हणाली. "तिथे मी पुन्हा तेच करीन. मी घरी खोटं बोलायला हवं होतं."