सलोमीबाईंनी क्षमा केली नव्हती

रूथचा फोन आला तेव्हा मी पोलादपुरात एका भांड्यांच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर उभा होतो. "काका, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. हातातला ब्रश रंगात बुडवलेला होता, म्हणून अर्धं राहिलेलं अक्षर पुरं केलं आणि मगच खाली उतरलो. सलोमीबाईंना अर्धवट अक्षर चाललं नसतं... दुपारी महाडला पोचलो. गल्लीतलं ते लहानसं चर्च गच्च भरलं होतं. मी हिंदू माणूस, सवयीनं चपला बाहेर काढल्या आणि अगदी मागच्या बाकावर बसलो. गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि मग चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काळं पुस्तक. म्हणाले, "बाईंच्या बाबतीत माझ्याकडून काही उणं-अधिक झालं असेल, पण शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेऊन मला क्षमा केली. असं मोठं मन होतं त्यांचं." लोक "आमेन" म्हणाले. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. आणि मी मागे बसून माझ्याच गुडघ्यावर बोटं रोवत राहिलो. कारण त्या शेवटच्या भेटीत खोलीत तिघंच होतो. बाई, ते आणि मी.

तेव्हा उभं राहून बोलायला हवं होतं. नाही बोललो. समोर शवपेटी होती, रूथ रडत होती, आणि परक्या देवाच्या घरात आवाज चढवायचा मला धीर झाला नाही. त्या गोष्टीला आता सात आठवडे होतील. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे क्षमेचं बंधन माझ्यावर नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सलोमीबाई महाडच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही. भावाची मुलगी रूथ हीच त्यांची लेक. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, खांद्याला शबनम आणि बोटांना कायम खडूची पूड. आमची ओळख झाली ती एका 'ळ'मुळे. महाडच्या बाजारात मी एका सलूनची पाटी लिहिली होती, 'कोमल केशकर्तनालय'. त्याच्या खाली मालकाचं गाव, 'कापडखोळ' असं काहीतरी होतं. बाईंनी ती पाटी पाहिली, आत जाऊन विचारलं, "हा ळ कोणी काढला?" सलूनवाल्यानं माझं नाव सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ही बाई एसटीनं पोलादपूरला माझ्या टपरीसमोर हजर! मला वाटलं, काहीतरी चुकलंय, तक्रार घेऊन आल्या. तर म्हणाल्या, "पेंटर, तो ळ तुम्ही लिहिलेला नाही, तो बसवलाय. मांडी घालून बसलेल्या बाईसारखा. असे आणखी काही आहेत का तुमच्याकडे?" तीस वर्षं मी पाट्या लिहीत होतो. त्यातल्या एकाही अक्षराबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. फ्लेक्स आल्यापासून तर माणसं ब्रशकडे बघतही नव्हती... मी त्यांना चहा पाजला, आणि त्या चार जुन्या पाट्या काखेत मारून घेऊन गेल्या.

त्यांच्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. सभासद आपल्या शेतातलं पहिलं भात, भोपळे, केळीचा घड वेदीपुढे आणून ठेवतात. बाई कमिटीला म्हणाल्या, "जमिनीत पिकलेलं देवापुढे ठेवतो, मग हातात पिकलेलं का नाही?" त्यावेळचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मोकळ्या मनाचे होते. त्यांनी चर्चला लागून असलेली बाजूची खोली दिली. त्या वर्षापासून दर सणाला त्या खोलीत आमच्या भागातल्या माणसांचं काम लागायला लागलं. माझ्या पाट्या होत्या, एका गवंड्यानं फावल्या वेळात दगडात कोरलेले बैल होते, शाळेतल्या शिपायाची कोळशानं काढलेली चित्रं होती. धर्म कुणी विचारला नाही. आणि सगळ्यांत मधोमध, ठकूबाईची गोधडी.

ठकूबाई आंबेनळी घाटाच्या अंगाच्या एका डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाडीत राहते. शेळ्या, दोन म्हशी, थोडी नाचणी. मुलं मुंबईला. नवरा गेल्यावर त्याची धोतरं, सदरे आणि घोंगडीचे तुकडे घेऊन तिनं दोन वर्षं एक गोधडी शिवली होती. त्यावर टाक्यांनीच तिची सगळी वाडी काढली होती. पायवाट, पाण्याचं कुंड, गोठा, आणि एका कोपऱ्यात पाठमोरा चाललेला माणूस. ती अंगावर घ्यायला नव्हतीच, ती नुसती घडी करून फळीवर ठेवलेली असायची. बाईंना तिचा पत्ता कुठून लागला कोण जाणे. दोन तास चढून गेल्या आणि घेऊन आल्या. पहिल्या वर्षी ठकूबाई स्वतः आली, तर दारातच थांबली. "आमाला आत चालंल का गो बाय?" बाईंनी तिचा हात धरला. "तुझ्याचसाठी दार उघडलंय." अशी अकरा वर्षं गेली. सणानंतर सगळं काम कागदात गुंडाळून खोलीवरच्या माळ्यावर जायचं, कारण महाडमध्ये राहणारा माणूस मोलाची वस्तू जमिनीवर ठेवत नाही. सावित्री नदी कधी घरात येईल याचा नेम नसतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मग नवे सेक्रेटरी आले. मुंबईत नोकरी करून परतलेले, शिस्तीचे. त्यांनी चर्चला रंग काढला, पंखे बसवले, लोकांकडे दारोदार फिरून नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या मिळवल्या. माणूस कामाचा होता, हेही लिहितो. बाईंच्या आजारपणात गाडी त्यांनीच करून दिली होती. नाही लिहिलं तर बाई वरून ओरडतील. पण त्यांना ते प्रदर्शन खुपत होतं. "देवाच्या घरात बाहेरच्यांचा पसारा कशाला?" असं त्यांनी मीटिंगमध्ये दोनदा बोलून दाखवलं. दोन्ही वेळा बाईंनी उत्तर दिलं, आणि दोन्ही वेळा लोक बाईंच्या बाजूनं राहिले. चार पावसाळ्यांपूर्वी, जुलैत, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता तेव्हा, त्यांनी माळा रिकामा करवला. आमची सगळी गाठोडी खाली जमिनीवर आणून ठेवली आणि नव्या खुर्च्या एकात एक घालून वर चढवल्या. बाईंना सांगितलं नाही. पुढच्या सकाळी पाणी आलं.

पाणी ओसरल्यावर बाईंनी मला बोलावलं. खोलीत गुडघाभर गाळ. कोळशाची चित्रं तर हातात घेतली की लगदा होत होती. माझ्या पाट्यांचे पोपडे निघाले होते. गोधडी आम्ही दोघांनी उचलली तेव्हा ती एखाद्या बुडालेल्या जनावराएवढी जड लागली... आणि वर माळ्यावर खुर्च्या, कोऱ्या करकरीत. सेक्रेटरी दारात उभे होते. म्हणाले, "पाण्यापुढे कुणाचं काय चालतं, बाई? देवाची करणी." बाई वर माळ्याकडे बघत होत्या.

ठकूबाईला सांगायला आम्ही दोघं गेलो. पावसात ती चढण, बाईंचं वय साठीच्या पुढं. अंगणात पोचल्यावर बाईंनी चिखलाची गोधडी तिच्यापुढं ठेवली आणि मटकन खाली बसून रडायला लागल्या. ठकूबाईनं घडी उलगडली, तो कोपरा शोधला. पाठमोरा माणूस गाळात दिसतच नव्हता. तिनं अंगठ्यानं थोडं घासून पाहिलं. मग म्हणाली, "तू रडू नुको. तू नाय क्येलंस. ज्यानं क्येलं त्याला हितं येऊन सांगू दे, चुकलं म्हून. मंग बघू."

बाईंनी तो निरोप सेक्रेटरींना शब्दशः दिला. ते हसले. म्हणाले, "बाई, क्षमा करणं हा आपला धर्म आहे. त्या धनगरणीला काय कळणार?" त्या एका वाक्याची किंमत त्यांना कळली नाही. बाईंनी मला दुसऱ्या दिवशी फोन केला. "पेंटर, तुमचा सगळ्यांत चांगला ब्रश काढा."

त्या वर्षीचा कापणीचा सण महाडमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. नव्या पाळकसाहेबांना वाटलं, बाई या वेळी लहान मुलांची चित्रं लावणार. उपासना संपून लोक बाजूच्या खोलीत आले, तर भिंतीवर आमचंच काम होतं, वाळलेल्या गाळासकट, जसंच्या तसं. न धुतलेलं, न झटकलेलं. ठकूबाईकडून मागून आणलेली गोधडी मधोमध. प्रत्येकाखाली मी लिहिलेली पाटी: करणाऱ्याचं नाव, गाव, आणि खाली एकच ओळ, 'ही वस्तू जमिनीवर ठेवली होती.' खोलीच्या मध्यभागी एक कोरी पांढरी खुर्ची होती. तिच्यावर पाटी: 'ही माळ्यावर होती.' त्याखाली माळा रिकामा करवणाऱ्याचं पूर्ण नाव. ते नाव मी आयुष्यात सगळ्यांत सुंदर लिहिलंय, खोटं कशाला सांगू? सेक्रेटरी आत आले, त्यांनी वाचलं, आणि लोकांनी त्यांना वाचताना पाहिलं. त्यांच्या बायकोनं गोधडीपुढे उभं राहून पदर तोंडाला लावला. सणाचं जेवण होतं, पण कितीतरी माणसं ताटाला हात न लावता घरी गेली.

बाईंना त्याची शिक्षा मिळाली. कमिटीनं त्यांच्याकडून शब्बाथशाळेचा, म्हणजे रविवारचा मुलांचा वर्ग काढून घेतला, बाजूच्या खोलीला कुलूप लावलं. ज्यांच्या मुलांना त्यांनी हात धरून चित्रं शिकवली, त्यांनी रस्त्यात "सलाम" करणं सोडलं. मी एकदा विचारलं, "बाई, फार झालं का आपल्याकडून?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मागितलेली क्षमा मी आजही देईन, पेंटर. न मागता द्यायला ती काय खिरापत आहे?"

आणि आता ती शेवटची भेट. बाई खाटेला खिळल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. मी उशाशी बसलो होतो. सेक्रेटरी आले, खुर्ची ओढून बसले, प्रार्थना करू का म्हणाले. बाई म्हणाल्या, "करा." त्यांनी केली. मग त्यांनी बाईंचा हात आपल्या हातात घेतला. लक्षात ठेवा, त्यांनी घेतला. म्हणाले, "बाई, जे झालं ते मनातून काढून टाका." बाईंनी विचारलं, "ठकूबाईकडे गेलात का?" ते म्हणाले, "गुडघे दुखतात हो, एवढी चढण..." बाईंनी आपला हात काढून घेतला. "मग माझ्याकडे कशाला आलात? पेंटर, स्वयंपाकघरात रूथला सांगा, यांना चहा दे म्हणून." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बस्स. त्यांनी चहा घेतला आणि गेले. यात क्षमा कुठे होती ते ज्याला सापडेल त्यानं मला सांगावं.

दफनानंतर महिन्यानं चर्चमध्ये बाईंच्या आठवणीची उपासना ठेवली होती. आदल्या दिवशी मी डोंगरावर गेलो. ठकूबाईला म्हटलं, "येतेस का? तो तिथं असणार." तिनं शेळ्या शेजारणीकडे सोपवल्या आणि काठी घेतली. मी तिला वडापच्या जीपनं खाली आणलं आणि पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. उपासना संपल्यावर सेक्रेटरी आभार मानायला उभे राहिले, आणि ती काठी टेकत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी ठकू. गोधडीवाली." त्यांचा चेहरा पडला. इकडे तिकडे पाहिलं. पाळकसाहेब जमिनीकडे बघत होते. मग ते अगदी हळू पुटपुटले, "चुकलं माझं."

ठकूबाईनं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल रं बाबा. मला कमी ऐकू येतं."

त्यांनी घसा खाकरला, आणि दीडशे माणसांसमोर मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माझं. मी जाणूनबुजून खाली ठेवलं."

"बरं," ठकूबाई म्हणाली. आणखी काही नाही. माफ केलं म्हणाली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. वळून चपला शोधायला लागली. ठकूबाईचे कान कसे आहेत ते मला माहीत आहे. पलीकडच्या टेकाडावर करडू ओरडलं तर कुणाचं ते ती सांगते. मला आनंद झाला. फार झाला. चर्चमध्ये असं वाटणं बरं की वाईट, याचा विचार मी केला नाही. फक्त एक सल राहिला, की जिच्यासाठी हे व्हायला हवं होतं, ती ऐकायला नव्हती...

लोक पांगल्यावर रूथनं पाळकसाहेबांकडून बाजूच्या खोलीची किल्ली मागून घेतली. चार वर्षांनी ते कुलूप निघालं. आत काहीच नव्हतं, ओलीचे डाग आणि ओळीनं खिळे. ते बाईंनी स्वतः ठोकलेले. मी पाटी लावणारा माणूस, पाटी कायम डोक्याच्या वर लावतो. इथले खिळे माझ्या छातीला येत होते, आणि इतकी वर्षं मी ते बाईंच्या ठेंगणेपणावर घालत आलो होतो. ठकूबाई वाकलेल्या कमरेनं, काठी टेकत, भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. एकामागून एक खिळा नेमका तिच्या डोळ्यांसमोर येत होता. एकदाही तिला मान वर करावी लागली नाही.

नाताळच्या आधी त्या खोलीला रंग द्यायचा आहे, आणि कमिटीनं ते काम मलाच सांगितलंय. खिळे उपटून भोकं बुजवा, असाही निरोप आहे. रंग मी देईन. प्रत्येक खिळ्याच्या कडेनं ब्रश फिरवून देईन. ते उपटायला कुणी पक्कड घेऊन येणार असेल, तर त्यानं आधी माझ्याशी बोलावं. मोठ्यानं.