नानांची नळी

नाना सकाळी ओट्यावर स्पिरिटचा दिवा पेटवून काचेची नळी उकळायला बसले की आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. नाना म्हणजे माझे वडील. नळीत डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध आणि नानांच्या लघवीचे थेंब. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा होत विटकरी झाला तर त्या दिवशी कुणाची खैर नाही. “निळं शे!” अशी आरोळी आली की आई सुटकेचा निःश्वास टाकून चहा ठेवी. बिनसाखरेचा, अर्थात.

बसणं त्यांना माहीतच नव्हतं. जळगावच्या जिनिंग कारखान्यात कापूस पारखायचं काम, तिथून घरी, घरून मेहरूणच्या तळ्यापर्यंत आणि परत. “माझी साखर म्हणजे तापी आहे, पोरी. काल घोट्याला, आज गळ्याला,” असं म्हणत. एकादशीला हेच नाना उपास म्हणून केळी, रताळी, भगर दाबून हाणत, आणि दुसऱ्या दिवशी नळी विटकरी झाली की औषधाच्या बाटलीवर ओरडत! डॉक्टर वैतागून म्हणाले, “अहो, नळी मागची हकीकत सांगते. साखर आत्ता उतरली तर ते घाम सांगतो, थरथर सांगते. इन्सुलिनची सुई घेतली की वेळेवर जेवा. आणि घाम सुटला की साखर तोंडात टाका.” नानांनी मान हलवली. ऐकलं ते फक्त आईनं आणि मी.

माझ्या साखरपुड्याला पाहुणे धुळ्याहून यायचे होते. पंगतीला मांडे आणि आमरस. “आज गोड फार, म्हणून सुईही जरा जास्त,” असा हिशोब नानांनी सकाळी स्वतःच करून टाकला. आणि चाळीसगावला पाहुण्यांची गाडी चुकली! आई ताट घेऊन नानांच्या मागे मागे फिरली. “व्याही उपाशी आणि मुलीचा बाप जेवतो? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!” दुपार कलली तशा येरझाऱ्या वाढत गेल्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी पाहुणे आले. तबकं मांडली, मला पाटावर बसवलं, तोच नाना व्याह्यांवर कडाडले, “ही यायची वेळ झाली? चालते व्हा!” जीभ जड, सदरा घामानं चिंब, पाय लटपटताहेत. होणारे सासरे पगडी सावरून उठले. “भरदिवसा दारू पिऊन उभे आहात! चला रे सगळे.” माझं लग्न डोळ्यांदेखत मोडत होतं. पण मला दिसत होता तो नानांचा घाम. तबकातला साखरेचा पुडा सासूबाईंनी माझ्या हाती द्यायचा होता. मी पाटावरून उठले, तो फाडला आणि मूठभर साखर नानांच्या तोंडात कोंबली.

“अगं बया! पुडा हिनंच फोडला!” कुणी बाई किंचाळली. असा संताप आला मला तिचा! नाना साखर चघळत राहिले. हळूहळू नजर ठिकाणावर आली, आणि पहिला प्रश्न, “पाव्हना जेवनात का?” पाहुणे जेवले का, म्हणे!

आईनं रडत रडत सुईचं सगळं सांगितलं. सासूबाईंनी खाली सांडलेला पुडा उचलला आणि उरलेली साखर माझ्या ओंजळीत घातली. “पुडा तुझाच होता. तू जरा आधी घेतलास, एवढंच. आता ह्यांना आधी ताट वाढा.” सासऱ्यांनी पगडी काढून खुंटीला लावली.

लग्नानंतर नाना धुळ्याला येत. लेकीच्या घरी बापानं पाणीही पिऊ नये, अशी तेव्हाची रीत. पण सासूबाई ओसरीतच ताट आणून ठेवत. “आधी जेवा, मग हवं तेवढं भांडा.” नाना कुरकुरत, डोळे पुसत जेवत. तेव्हापासून नानांच्या कोटाच्या खिशात साखरेची पुडी कायम असे.

नाना तापानं गेले. मी जळगावला पोचले तेव्हा कोट खुंटीवरच होता आणि भिंतीवरून खिशापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. आईनं झटकायला हात उचलला. मी तो धरला.

“राहू दे, आई. जेवू दे त्यांना आधी.”