पाच बोटांचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला घरात आहे तरी कोण म्हणा — बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये मी, माझा ड्रॉइंग बोर्ड आणि खिडकीतून दिसणाऱ्या सोनिवलीकडच्या नव्या इमारती.

मी मुलांसाठी यंत्रांची आणि इमारतींची पुस्तकं लिहिते. चित्रंही माझीच. यंत्राला सहा नट असतील तर माझ्या पानावर सहाच दिसणार — याचा मला भारी तोरा. मग तो हात?

पावर प्रेसचं पान अडलं होतं. मोरिवलीचे दत्तूकाका — पत्र्याची झाकणं दाबून काढणाऱ्या प्रेसवर त्यांचा जन्म गेलेला — त्यांनी मला ते यंत्र शिकवलं. महिनाभर त्यांच्या ओटीवर बसून मी रेखाटत होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसनेच नेली होती. त्यांनी एवढंच मागितलं — "प्रेसवर माजा हात काढशील ना, तर हाय तसाच काढ, बाय. पोरांना कळू दे, मशीन काय घेते ते." मी हो म्हटलं.

आणि पाच बोटं काढली. का? शाळा पुस्तक घेणार नाहीत, आईबाप नाकं मुरडतील — ही भीती माझी मीच घातलेली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

छापलेल्या पानावर काका बराच वेळ हात ठेवून बसले. मी म्हणाले, "प्रकाशक नको म्हणाले, काका." किती सहज म्हणाले मी ते.

"असंल. पोरं घाबरत असतील," एवढंच बोलले ते.

त्यानंतर गल्लीतली मुलं पुस्तक घेऊन आली की काकांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात जायचा. आधी कधी जात नव्हता. मी ते पाहिलं — आणि चहा पीत राहिले. मी खोटं बोलले, इतकं म्हणायला किती वेळ लागतो? काका आणखी दोन वर्षं होते. मी मोरिवलीला जाणंच कमी केलं.

ते गेले. मला त्यांची फार आठवण येते. त्यांच्याइतकं माझ्याशी कुणी बोललंच नाही.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रकाशकांनी विचारलं, चित्रांत काही दुरुस्त्या आहेत का? काकांच्या ओटीवर काढलेलं तीन बोटांचं पहिलं रेखाटन समोरच्या ड्रॉवरमध्ये होतं. मी कळवलं — एकही नाही.